दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटण नव्हतं

या कार्यक्रमात आपण जात्याचा इतिहास ऐकला, शिवणयंत्राचा ऐकला. आजचा विषय जरा निराळा आहे. टीव्हीला जोडून खेळायचा तो जुना व्हिडिओ गेम आठवतो का? त्याची आणि त्यातल्या लोकांच्या लाडक्या खेळांची गोष्ट आज सांगणार आहोत. "हा काय बायकांचा विषय?" असं गेल्या बैठकीत एका ताईंनी विचारलंच. शेवटपर्यंत ऐका आणि मग तुम्हीच ठरवा.

हा विषय निवडायला कारण घडलं. हल्ली कुठल्याही गटाच्या बैठकीला गेलं की हप्त्यांच्या हिशोबाबरोबर मोबाईलचं गाऱ्हाणं निघतं. कुणाच्या पोरानं मोबाईलवरच्या खेळात पैसे घालवले, कुणाच्या घरी त्यापायी कर्जाचा हप्ता थकला. मग सगळ्या मिळून "खेळ म्हणजेच वाईट" असं म्हणून मोकळ्या होतात. आम्ही गटांचं काम पाहणाऱ्या बहुतेक जणी तिशीतल्या. आमच्या लहानपणी व्हिडिओ गेम होता, आणि त्यात पैसे लावायची सोयच नव्हती. कॅसेट एकदा विकत घेतली की झालं. म्हणून वाटलं, हे खेळ आले कुठून आणि केले कुणी, हे एकदा नीट सांगावं.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात जी मशीनं आली, ती बहुतेक एका जपानी मशीनची नक्कल होती. त्या मूळ मशीनचं नाव फॅमिली कॉम्प्युटर. जपानी लोक त्याला लाडानं 'फॅमिकॉम' म्हणत. लाल-पांढऱ्या रंगाचं हे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानात विक्रीला आलं, किंमत १४,८०० येन. करणारी कंपनी निन्टेंडो. क्योटो शहरात १८८९ मध्ये फुसाजिरो यामाउची नावाच्या माणसानं ती सुरू केली, तीही पत्ते करण्यासाठी! 'हानाफुदा' म्हणजे फुलांचे पत्ते. एका जोडात ४८ पानं, बारा महिन्यांची बारा फुलं-झाडं. तुतीच्या झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदाचे हे पत्ते हातानं तयार होत. म्हणजे सुरुवात आपल्या गटांसारखीच, हातकामाच्या धंद्याची.

या पत्त्यांच्या कारखान्यात १९६५ साली गुनपेई योकोई नावाचा एक तरुण मशीनं दुरुस्त करायला लागला. रिकाम्या वेळात त्यानं लांबून वस्तू पकडायचा एक हात तयार केला. मालकानं तो पाहिला, आणि कंपनीनं तो खेळणं म्हणून विकला. पुढे योकोईनं रिमोटवरचं ते अधिकच्या चिन्हासारखं बटण केलं, ज्यावर अंगठा ठेवून वर-खाली, डावी-उजवीकडे जाता येतं. त्याचं म्हणणं असं, की नवीन आणि महाग सामानाच्या मागे लागू नका, जुनं झालेलं, स्वस्त झालेलं सामान घ्या आणि त्याचा कुणी केला नसेल असा वापर करा. गोधडी शिवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

फॅमिकॉम बाजारात आल्यावर काही महिन्यांतच तक्रारी आल्या. एका चिपमध्ये दोष होता, खेळता खेळता मशीन अडकायचं. कंपनीनं माल परत घेतला, आतला भाग बदलून दिला. त्याच सुमारास अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा पार बसला होता. घाईघाईत केलेल्या रद्दी खेळांनी दुकानं भरली होती, आणि अटारी या कंपनीनं तर न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरल्या. २०१४ मध्ये तिथं खणलं तेव्हा त्या खरोखर सापडल्या. अशा बाजारात १९८५ मध्ये निन्टेंडो हेच मशीन वेगळ्या रूपात घेऊन उतरली आणि टिकली. जगभरात मिळून ही मशीनं ६ कोटी १९ लाखांच्या आसपास खपली. आपल्याकडच्या नकला त्यात धरलेल्या नाहीत.

आता लाडक्या खेळांकडे येऊ. पहिला मान मारिओचा.

'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ मध्ये आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला. ४ कोटींहून जास्त प्रती गेल्या. लाल टोपी, झुपकेदार मिशी, उड्या मारत धावणारा गडी. तुम्ही खेळला नसलात तरी पाहिला असेलच. त्याला मिशी का, हे ऐकण्यासारखं आहे. आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो ना, तसंच या खेळातलं चित्र असतं. मारिओ पहिल्यांदा १९८१ मध्ये 'डाँकी काँग' या खेळात आला, तेव्हा त्याच्यासाठी १६ ठिपके लांब, १६ ठिपके रुंद एवढीच चौकट होती, आणि रंग मोजून तीन. एवढ्याशा जागेत तोंड काढलं तर दिसेना, म्हणून नाकाखाली मिशी ठेवली. केस उडताना दाखवणं जमेना, म्हणून टोपी. हात हलताना वेगळे दिसावेत म्हणून अंगात पट्ट्यांची पँट. जागा कमी, ठिपके कमी, म्हणून असा माणूस तयार झाला, आणि चाळीस वर्षं झाली तरी त्याचं रूप फारसं बदललेलं नाही.

काटकसर एवढी, की मारिओच्या खेळात आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं हे एकच चित्र आहे. वर पांढरं, खाली हिरवं. पुढच्या वेळी कुठे दिसला तर नीट बघा. तो सगळा खेळ, त्यातल्या ३२ स्टेज, गाणी, राक्षस, सगळं मिळून ४० किलोबाइटमध्ये बसवलं होतं. तुमच्या मोबाईलमधला नातवाचा एक फोटो याच्या कितीतरी पट जागा घेतो. मियामोतो आणि त्याचे सहकारी प्रत्येक स्टेज आधी चौकडीच्या कागदावर पेन्सिलीनं आखत.

खेळाची गोष्ट मात्र जुनीच. राजकन्येला राक्षसानं पळवलं आणि गड्यानं तिला सोडवायचं. सात किल्ले जिंकले तरी प्रत्येक ठिकाणी कळतं, की राजकन्या इथं नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे. ती बिचारी आठव्या किल्ल्यात नुसती उभी! आम्हाला तेव्हाही वाटायचं, ही पोरगी एवढ्या वेळात काही करत का नाही?

मारिओ दोघांनी खेळायचा असेल तर दुसऱ्याला मिळायचा हिरव्या कपड्यांतला लुईजी, त्याचा भाऊ. पण दोघं एकत्र नाहीत. मारिओ मेला की मग लुईजीची पाळी. खेळणारा हुशार असला तर दुसऱ्यानं बसून राहायचं. आता हा दुसरा रिमोट घरोघरी कुणाच्या हातात असायचा, सांगा बरं? भावाकडे पहिला आणि बहिणीकडे दुसरा. मूळ जपानी मशीनच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटणच नव्हतं, आणि आपल्याकडच्या पुष्कळ नकलांमध्येही तसंच आलं. म्हणजे डाव सुरू करायचा नाही, थांबवायचा नाही. दादा म्हणेल तेव्हा सुरू, दादा म्हणेल तेव्हा बंद. जपानी मशीनच्या त्या दुसऱ्या रिमोटला एक छोटा माइक मात्र होता. बोलायला जागा दिली होती म्हणायची!

तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडच्या मागे अर्ध्या तासाचे पैसे घेऊन खेळू देणारं दुकान असायचं, तिथं मुली जायच्याच नाहीत. कुणी हटकलं असतं असं नाही, पण जायचं नसतं हे आपल्याला न सांगताही कळलेलं असतं. ज्यांच्या घरी मशीन होतं त्यांच्याकडे दुपारी, घरातली मोठी माणसं शेतावर गेली की, आमची पाळी यायची. तीही भारनियमनानं खायची. वीज गेली की सहाव्या स्टेजवरचा मारिओ पुन्हा पहिल्या स्टेजवर. त्या कॅसेटीत मागचं काही आठवणीत ठेवायची सोय नव्हती.

ती सोय असलेला एक मोठा लाडका खेळ म्हणजे 'झेल्डा'. तोही मियामोतोचाच, १९८६ चा. अमेरिकेत त्याची सोनेरी कॅसेट निघाली, आत एक छोटी बॅटरी, त्यामुळे मशीन बंद केलं तरी खेळात मिळवलेलं जपून राहायचं. मियामोतो क्योटोजवळच्या सोनोबे या गावचा. लहानपणी तो डोंगर-रानात भटकायचा, एकदा त्याला एक गुहा सापडली आणि कंदील घेऊन तो आत गेला. त्या गुहेतली भीती आणि उत्सुकता या खेळात उतरली, असं तो सांगतो. आपल्या गावच्या डोंगरावरही अशा गुहा आहेत, पण गुरं राखताना भटकलेल्या पोराला कुणी विचारत नाही, की तुला काय दिसलं.

आपल्याकडे मारिओच्या खालोखाल गाजला तो 'कॉन्ट्रा'. कोनामी कंपनीचा हा खेळ या मशीनवर १९८८ मध्ये आला. दोन शिपाई, जंगल, गोळ्यांचा पाऊस. एक गोळी लागली की चान्स गेला. हवेत उडणाऱ्या खुणांमध्ये 'एस' अक्षराची बंदूक मिळाली की पोरं ओरडायची, कारण तिच्यातून एकदम पंख्यासारख्या गोळ्या सुटतात. इथं मात्र दोघं एकाच वेळी खेळतात, म्हणून बहिणीला महत्त्व! आणि तिसऱ्या स्टेजला, धबधब्याच्या चढावर, एक गंमत आहे. पुढचा भराभर वर चढला की पडदाही वर सरकतो आणि मागे राहिलेला खालून पडून मरतो. जोडीदार मारायचा नसेल तर पुढच्यानं थांबायलाच लागतं. आमच्यापैकी एकीच्या घरी याच धबधब्यावरून भावा-बहिणीचं आठ दिवस बोलणं बंद होतं.

कॉन्ट्रामध्ये तीनच चान्स. पण सुरुवातीला वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, मग बी आणि ए अशी बटणं दाबली की तीस चान्स मिळत. ही खूण जगभर पोरांनी एकमेकांच्या कानात सांगून पसरवली. ती काढली काझुहिसा हाशिमोतो या माणसानं, तेही आधीच्या 'ग्राडियस' नावाच्या खेळासाठी. खेळ तपासायचं काम त्याच्याकडे होतं, आणि तो इतका अवघड की त्यालाच जमेना! म्हणून त्यानं स्वतःपुरती ही चोरवाट केली, आणि खेळ विक्रीला गेला तेव्हा ती आत तशीच राहिली. हाशिमोतो २०२० मध्ये वारला, तेव्हा जगभरच्या लोकांनी तीच दहा बटणं लिहून त्याला निरोप दिला.

बदकं मारायचा 'डक हंट' सगळ्यांना आठवत असेल, आणि नेम चुकल्यावर हसणारा तो कुत्राही. त्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही, उलट ती प्रकाश आत घेते. घोडा दाबला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तरच नेम लागला. पोरं बंदूक बल्बकडे रोखून फसवायला बघायची, ते म्हणूनच जमत नसे. बल्ब मधेच काळा कसा होणार? हे सगळं जुन्या, पोटाच्या मोठ्या टीव्हीच्या वेगावर बेतलेलं आहे. आजच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक चालत नाही. घरी माळ्यावर जुनी बंदूक असेल आणि नव्या टीव्हीवर चालली नाही, तर ती बिघडली म्हणून फेकू नका. आणि हो, कॅसेट चालेना म्हणून आपण सगळेच तिच्यात फुंकर मारायचो. त्यानं तोंडातली ओल आत जाऊन धातूचे दात गंजतात. काढून पुन्हा बसवली म्हणून ती चालायची, फुंकरीनं नाही.

आता ज्यासाठी हा विषय घेतला तिकडे वळतो.

'कॅसलव्हानिया' नावाचा एक खेळ १९८६ मध्ये जपानात आला. हातात चाबूक घेऊन भुतांच्या वाड्यात शिरायचं. आपल्याकडे तो कॉन्ट्राएवढा पोचला नाही, पण परदेशातल्या चाहत्यांमध्ये त्याचं नाव पहिल्या रांगेत, आणि ते बरंचसं त्यातल्या संगीतामुळे. या मशीनमधून एका वेळी पाचच आवाज निघू शकत. दोन सुरावटीचे, एक खर्जाचा, एक खरखरीचा, आणि पाचवा आधी भरून ठेवलेल्या आवाजाचा. भजनाला पेटी, पखवाज, टाळ एवढंच असावं आणि त्यावर रात्र रंगवावी, तसं हे काम. कॅसलव्हानियाचं संगीत प्रामुख्यानं किनुयो यामाशिता या मुलीनं केलं, सोबत सातोए तेराशिमा ही दुसरी. किनुयो नुकतीच कॉलेजातून बाहेर पडून कोनामीत लागली होती, आणि हे तिचं पहिलंच काम. आजही त्या सुरावटी मोठमोठे वाद्यवृंद वाजवतात.

खेळ संपल्यावर पडद्यावर संगीतकाराचं नाव येतं, ते आहे 'जेम्स बनाना'.

भुताखेतांच्या सिनेमांना संगीत देणाऱ्या एका इंग्रज माणसाच्या नावावरून केलेली ही थट्टा. खरं सांगायचं तर त्या खेळात सगळ्यांचीच नावं अशी गमतीची आहेत, एकट्या किनुयोचं नाही. त्या काळी जपानी कंपन्या मुद्दाम खरी नावं देत नसत. चांगला कारागीर कोण हे कळलं तर दुसरी कंपनी त्याला पळवेल, ही भीती. पण परिणाम काय झाला? जगभरच्या पोरांनी ती धून गुणगुणली, आणि ती एका बाईनं केली हे वर्षानुवर्षं बहुतेकांना कळलं नाही. कॅपकॉम कंपनीचा 'मेगा मॅन', १९८७ चा. तोही लाडका, तोही संगीतासाठी गाजलेला. ते संगीत मानामी मात्सुमाए या बाईचं. तिथंही पूर्ण नाव नाही, टोपणनाव.

हे वाचलं तेव्हा आम्हाला आमच्या गटाचा काळा मसाला आठवला. तीन वर्षं आमच्या बायका मिरच्या निवडून, भाजून, कुटून तो सुटा विकत होत्या. एक व्यापारी घेऊन जायचा, स्वतःच्या पिशवीत भरायचा, त्याच्या नावानं बाजारात विकायचा. पैसे तो वेळेवर द्यायचा, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकदा गटातल्या एका मावशींच्या लेकीनं शहरातून फोन केला, "आई, इथं एक मसाला मिळतो, अगदी तुझ्या हातच्यासारखा." मावशी त्या दिवशी जेवल्या नाहीत. पुढच्या महिन्यात आम्ही परवाना काढायच्या मागे लागलो.

आणखी एक खेळ सांगायलाच हवा, 'मेट्रॉइड'. १९८६. सॅमस नावाचा शिपाई नखशिखान्त चिलखत घालून परग्रहावर एकटा लढतो. इंग्रजी माहितीपुस्तिकेतही 'तो' असाच उल्लेख. खेळ लवकर पुरा केला की शेवटी सॅमस शिरस्त्राण काढतो, आणि आत बाई! खेळ तयार होत असताना मधेच कुणाला तरी सुचलं, की आतली व्यक्ती बाई निघाली तर काय मजा येईल. पोरांनी ज्याच्यासारखं व्हायचं ठरवलं होतं, ती बाई निघाली. चाहते आजही तो क्षण सांगतात. फक्त एक गोष्ट आम्हाला अजिबात आवडली नाही. खेळ जितका लवकर संपवाल, तितके शेवटी तिच्या अंगावर कपडे कमी. लढली ती, आणि बक्षीस बघणाऱ्याला. मारिओचा खेळ कितीही लवकर संपवा, त्याची पँट जागेवरच असते.

मुलांना खेळाचं वेड लागतं ही काळजीही काही आजची नाही. जपानात १० फेब्रुवारी १९८८ ला, बुधवारी, 'ड्रॅगन क्वेस्ट'चा तिसरा भाग आला. पहिल्याच दिवशी दहा लाखांहून जास्त कॅसेटी गेल्या. पोरं शाळा बुडवून दुकानापुढे रांगेत उभी राहिली आणि पोलिसांनी शेकडो जणांना पकडलं. त्यानंतर त्या कंपनीनं नवे भाग सुट्टीच्या दिवशी विकायला सुरुवात केली. सरकारनं कायदा केला अशी गोष्ट सांगतात, पण कायदा वगैरे काही झाला नव्हता. कंपनीनंच शहाणपण केलं. मोबाईलवर चोवीस तास खेळ विकणाऱ्यांना हे सांगायला कुणी तरी हवं.

'टेट्रिस'वर एक वेगळं भाषण होईल. जत्रेत ज्या विटा रचायच्या छोट्या डब्या मिळायच्या, त्यांचा मूळ खेळ तो. १९८४ मध्ये मॉस्कोच्या एका सरकारी संस्थेत अलेक्सेई पाजित्नोव या माणसानं तो केला. जगभर विकला गेला, पण हक्क सरकारकडे, म्हणून १९९६ पर्यंत त्याला त्यातलं काही मिळालं नाही. या मशीनवरचा टेट्रिस १९८९ चा. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका १३ वर्षांच्या मुलानं तो इतका पुढे नेला, की मशीनच थिजून बंद पडलं. माणसानं तिथपर्यंत जाण्याची ती पहिली वेळ होती.

निन्टेंडोनं ते मूळ मशीन २००३ मध्ये करायचं थांबवलं आणि २००७ मध्ये दुरुस्तीही. नकला मात्र अजून येतात. आठवडी बाजारात, मोबाईलच्या दुकानात शेकडो खेळ आतच भरलेलं छोटं यंत्र मिळतं, कॅसेट लागत नाही, इंटरनेट लागत नाही, आत पैसे मागणारं काही नाही. डब्यावर खेळांचा आकडा मोठा लिहिलेला असतो, त्याला भुलू नका, एकच खेळ वेगवेगळ्या नावांनी पाच-पाच वेळा भरलेला असतो. सुट्टीत लेकरांसाठी घ्यायचं मनात असेल तर दुकानातच टीव्हीला जोडून दाखवायला सांगा. आणि दोन्ही रिमोट हातात घेऊन बघा, दुसऱ्यालाही स्टार्टचं बटण आहे ना.